निळी फाईल आणि सत्त्याऐंशी खोकी

बिनचूकरावांनी घर हलवायला कंपनी ठरवली, ती खरं म्हणजे मेहुण्याचा ट्रकवाला टाळण्यासाठी. हे त्यांनी कुणापाशी कबूल केलं नाही. विचारणाऱ्याला ते 'व्यावसायिक पद्धत', 'जबाबदारी निश्चित करणे' वगैरे ऐकवत. पण मेहुणा गेली अठरा वर्षं प्रत्येक प्रसंगी "माझ्या ओळखीचा एक माणूस आहे" असं म्हणत आला होता, आणि त्याच्या ओळखीच्या गवंड्याने बांधलेलं न्हाणीघर आजही दरवाजाच्या बाजूला उतरतं होतं.

"भावजी, माझ्या ओळखीचा एक ट्रकवाला आहे," मेहुण्याने फोनवर सुरुवात केली. "शब्दाचा पक्का. 'पोचलोच' म्हणाला की पोचलाच."

"आम्ही कंपनी ठरवली आहे," बिनचूकराव म्हणाले, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा मेहुणा गप्प झाला. त्या शांततेची किंमत पुढे किती पडणार आहे, याचा त्यांना तेव्हा अंदाज नव्हता.

बिनचूकराव हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. सरकारी अभिलेख कक्षात तीस वर्षं नोकरी करून एकही कागद गहाळ न झाल्यामुळे सहकाऱ्यांनी ते बहाल केलं होतं, थोडं कौतुकाने आणि बरंचसं कंटाळून. आता एकोणीस वर्षं रखडलेली बढती मिळाली होती: अभिलेख अधीक्षक. जागा आठशे किलोमीटरवरच्या शहरात. अट एकच. सोमवारी दुपारी बारापर्यंत मूळ आदेश आणि कार्यमुक्तीचं पत्र घेऊन रुजू व्हायचं. नाहीतर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. हा पुढचा माणूस बिनचूकरावांच्याच पाठीमागच्या टेबलावर बसे आणि बढतीची बातमी आल्यापासून रोज काळजीच्या सुरात म्हणे, "लांबचा प्रवास आहे हो. काय होईल सांगता येत नाही." त्याच्या आवाजात काळजीपेक्षा आशा जास्त असे.

कंपनीचा माणूस घर बघायला आला तो टाय लावून. बिनचूकरावांच्या पत्नीला अख्खा मजला वहिनी म्हणत असे, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. तर वहिनींनी त्या माणसाचं नाव पाच मिनिटांत 'गोडबोल्या' ठेवलं. त्याने दाखवलेल्या पत्रकावर एक कुटुंब सोफ्यावर बसून खदखदून हसत होतं.

"सर, तुम्ही फक्त चहाचा कप हातात घेऊन बसायचं," गोडबोल्या म्हणाला. "चहा संपेपर्यंत घर रिकामं."

"हे लोक हसतायत, कारण यांचं सामान अजून गेलेलं नाही," वहिनी पत्रक बघून म्हणाल्या. पण तोवर बिनचूकरावांनी सही केली होती. करारात 'घरातील सर्व सामान' असे शब्द होते. ते त्यांनी स्वतः अधोरेखित केले आणि वर तोंडीही बजावलं, "घरात टाचणीसुद्धा राहता कामा नये."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. कंपनीने ठेवलं.

मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. घर हलवणाऱ्या माणसाला शेजारी आजाऱ्यासारखे भेटायला येतात, आणि प्रत्येकाच्या ओळखीत ह्याच आजाराने दगावलेलं कुणीतरी असतं. समोरच्या काकू म्हणाल्या, "माझ्या नणंदेचं कपाट गेलं ते गेलंच. दुसऱ्याच कुणाचं तरी आलं. ते हिच्या कपाटापेक्षा चांगलं होतं, म्हणून बाई गप्प बसली, ती गोष्ट वेगळी." खालच्या मजल्यावरच्या निवृत्त विमा एजंटाने आवाज खाली आणला. "खोक्यावर आत काय आहे ते लिहू नका. मिक्सर लिहिलंत, की मिक्सर गेला. चोराला अनुक्रमणिका कशाला द्यायची?"

हे बिनचूकरावांना मनापासून पटलं. लगेच त्यांनी एक सांकेतिक पद्धत तयार केली. खोलीसाठी अक्षर, फळीसाठी आकडा, नाजूकपणासाठी खूण. 'स्वै-३-ना' म्हणजे स्वयंपाकघर, तिसरी फळी, नाजूक. प्रत्येक फळीवर आणि कोपऱ्यात त्यांनी तशी चिठ्ठी ठेवली. त्या जागेचं सामान ज्या खोक्यात जाईल त्यावर ती चिकटवायची, असं मुकादमाला सांगायचं होतं. संकेतांचा उलगडा करणारा तक्ता त्यांनी एकच केला. गोपनीय कागदाची दुसरी प्रत काढली की तो गोपनीय राहत नाही, हा खात्याचा नियम.

तो तक्ता त्यांनी निळ्या फाईलमध्ये लावला. महत्त्वाचे कागद एकत्र असावेत हाही खात्याचाच नियम. त्यामुळे बढतीचा मूळ आदेश, कार्यमुक्तीचं पत्र, कंपनीची पावती आणि संकेतांचा तक्ता असं सगळं एका फाईलमध्ये आलं, आणि ती फाईल फ्रिजवर गेली. घरात सगळ्यांची नजर जाते अशी तेवढीच एक जागा.

"ही फाईल मी हातात घेऊन जाणार," त्यांनी जाहीर केलं. "तिला कुणीही हात लावायचा नाही."

वहिनींनी हात लावला नाही. त्या गुरुवारी फ्रिजवरची धूळ पुसतानाही त्यांनी फाईलच्या कडेकडेने पुसली.

फ्रिजवर फाईलच्या शेजारी एक बॅटरी आणि गजराचं घड्याळ असे. रक्तदाबाच्या गोळीची आठवण म्हणून ते रोज सकाळी दहाला वाजे. फार जुनं घड्याळ. त्याच्या डोक्यावर चापट मारल्याशिवाय ते तासभर तरी थांबत नसे. घरचे सुट्टीवर गेले असताना ते एकदा बंद घरात तीन दिवस रोज तासभर वाजत राहिलं होतं, आणि विमा एजंटाने त्याबद्दल लेखी तक्रार केली होती.

शुक्रवारी सकाळी मुकादम चार माणसं घेऊन आला. त्यांच्या कामाचा वेग पाहून बिनचूकरावांना आधी आनंद झाला, मग धडकी भरली. बत्तीस वर्षांचा संसार ती माणसं भाजी निवडल्यासारखी वेगळी करत होती. चिठ्ठी ते खोक्यावर चिकटवत, आणि लगेच कंपनीचा मोठा लाल आकडा बरोबर त्या चिठ्ठीवर चिकटवत.

"अहो, आमच्या चिठ्ठीवर का लावताय?"

"तिथं सपाट आहे ना साहेब," मुकादम म्हणाला.

यावर बिनचूकराव काही खरमरीत बोलणार, तोच खालून पहारेकरी आला. समितीचं ना हरकत पत्र असल्याशिवाय सामानाची गाडी फाटकाबाहेर सोडता येत नाही, असं सेक्रेटरींचं म्हणणं.

बिनचूकराव तावातावाने सेक्रेटरींकडे गेले. "हा कुठला नियम?"

"क्रमांक चौदा," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले. "तुम्ही सेक्रेटरी होतात तेव्हा तुम्हीच लिहिलाय. खाली तुमची सही आहे. अक्षर सुंदर आहे हो तुमचं."

नियम क्रमांक चौदाप्रमाणे तीन सभासदांच्या सह्या लागत. पहिले सभासद झोपले होते आणि त्यांच्या पत्नी उठवायला तयार नव्हत्या; ते उठेपर्यंत जिन्यात थांबावं लागलं. दुसरे केस कापायला गेले होते. त्यांनी अर्ध्या डोक्याने, पांढऱ्या कापडाच्या आतून हात बाहेर काढून सही केली. तिसरे म्हणजे विमा एजंट. त्यांनी आधी घड्याळाच्या त्या जुन्या तक्रारीचं काय झालं ते विचारलं. अडीच तास गेले. पत्र घेऊन बिनचूकराव वर आले तेव्हा घर इतकं रिकामं होतं की त्यांना स्वतःच्या धापेचा प्रतिध्वनी ऐकू आला. हातात घेऊन बसायचा कपही नव्हता. वहिनी खिडकीच्या कट्ट्यावर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या.

बिनचूकरावांनी खोल्यांतून फेरी मारली. टाचणीसुद्धा नव्हती. "याला म्हणतात कंपनी," ते म्हणाले.

"ते ठीक," समोरच्या काकू दारातून म्हणाल्या. "पण माझं पायपुसणं कुठे गेलं?"

शनिवारचा दिवस रेल्वेत गेला. रविवारी सकाळी नव्या घरात, पसरलेल्या वर्तमानपत्रावर बसून दोघं बेकरीतला पाव खात असताना वहिनी सहज म्हणाल्या, "उद्याची फाईल इस्त्रीच्या शर्टाबरोबर काढून ठेवा हं."

"कुठाय?"

"काय कुठाय?"

"फाईल."

"तुमच्या हातात," वहिनी म्हणाल्या, आणि दोघांनी बिनचूकरावांच्या हाताकडे पाहिलं. हातात पाव होता.

"तू नाही घेतलीस?"

"मी? कुणीही हात लावायचा नाही म्हणालात ना? आणि कोणत्या आवाजात म्हणालात! मला वाटलं, सेक्रेटरींकडे जाताना तुम्ही बरोबर नेलीत."

यानंतर जी शांतता पसरली ती मेहुण्याच्या त्या शांततेची सख्खी बहीण होती.

बिनचूकरावांनी कंपनीला फोन लावला. आपला फोन महत्त्वाचा असल्याचं एका बाईने अकरा वेळा सांगितलं, आणि अखेर ड्रायव्हरचा नंबर मिळाला.

"पोचलोच साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

दुपारीही तो पोचलोच होता. संध्याकाळी तर 'पोचलोच' म्हणताना मागे कुणीतरी जेवायला किती ताटं म्हणून विचारत होतं. चौकशीअंती कळलं की ट्रकमध्ये आणखी दोन कुटुंबांचं सामान आहे आणि ते वाटेत चढवत चढवत गाडी येते आहे. करारात तसं लिहिलं होतं. कुठल्या कलमात ते बघायला करार हवा होता, आणि करार पावतीला टाचलेला होता.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन. "पोचलं का सामान?"

"येतंय," बिनचूकराव म्हणाले.

"नाही म्हटलं, माझा ट्रकवाला असता तर एव्हाना—" यापुढचं बिनचूकरावांनी ऐकलं नाही. त्यांनी फोन वहिनींना दिला, आणि रिकाम्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीनेही काही सांत्वन केलं नाही.

सोमवारी सकाळी आठला ड्रायव्हर म्हणाला, "पोचलो साहेब." त्यातला 'च' गेला होता, त्या अर्थी खरं होतं. पण तो शहराच्या वेशीवरच्या नाक्यापर्यंतच पोचला होता. अवजड वाहनांना रात्री आठपर्यंत आत प्रवेश नाही.

सव्वानऊला टॅक्सीने दोघं नाक्यावर थडकले. रस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता, आणि त्याच्या सावलीत ड्रायव्हर शेंगा सोलत बसला होता. दाराला कंपनीचं पिवळं सील होतं.

"उघडा," बिनचूकराव म्हणाले.

"सील हाय साहेब. हेड ऑफिसचा मेसेज आल्याबिगर तोडता येत न्हाई. नोकरी जाईल."

"माझी जाते आहे त्याचं काय?"

"मग तुम्हाला कळतंच की," ड्रायव्हर सहानुभूतीने म्हणाला आणि त्याने मूठभर शेंगा पुढे केल्या.

बिनचूकरावांनी हेड ऑफिसला फोन लावला.

"सर, लॉट नंबर सांगा."

"तो पावतीवर आहे."

"मग पावती बघून सांगा ना सर."

"पावती ट्रकमध्ये आहे."

"मग ट्रक उघडून बघा ना सर."

"ट्रक उघडायला तुमची परवानगी हवी!"

"हो सर. परवानगीसाठी लॉट नंबर लागेल."

बिनचूकरावांना राग यायला हवा होता. पण क्षणभर त्यांना चक्क कौतुक वाटलं. मूळ कागद मिळावा म्हणून अर्ज करणाऱ्यांना त्यांनी तीस वर्षं मूळ कागदच जोडायला सांगितलं होतं. आज पहिल्यांदाच ते खिडकीच्या अलीकडे उभे होते, आणि अलीकडे ऊन फार होतं.

पावणेदहा झाले. बिनचूकराव ट्रकला फेऱ्या मारू लागले. वहिनी दगडावर बसल्या होत्या. "तुमची गोळी तरी घ्या," त्या म्हणाल्या. "पिशवीत आहे."

"दहाला घेतो," बिनचूकराव म्हणाले. प्रलय आला तरी वेळापत्रक मोडण्याचं कारण नव्हतं.

आणि बरोबर दहाला ट्रकच्या पोटातून आवाज आला. टीं टीं टीं टीं.

ड्रायव्हरच्या हातातल्या शेंगा पडल्या. आदल्या दोन दिवशी इंजिनाच्या घरघरीत हा आवाज त्याला ऐकूच आला नव्हता. नाक्यावरचा वाहतूक हवालदार आधी कान टवकारून आणि मग शिट्टी फुंकत आला. "काय वाजतंय आत?"

"घड्याळ आहे," बिनचूकराव म्हणाले.

"कशावरून?"

"रोज दहाला वाजतं."

"बंद करा."

"त्याच्या डोक्यावर चापट मारावी लागते. आणि ते सीलच्या आत आहे."

हवालदाराने चार पावलं मागे जाऊन बिनचूकरावांचं नीट निरीक्षण केलं. ट्रकमध्ये सीलबंद काहीतरी टिकटिकतं आहे आणि मालक घामाघूम होऊन भोवती घिरट्या घालतो आहे, हे दृश्य त्याच्या खात्यात चांगलं समजलं जात नाही. "आधी उघडा!" तो ओरडला.

"हेड ऑफिसचा मेसेज—" ड्रायव्हर म्हणाला.

"हा घे मेसेज," हवालदार काठी आपटून म्हणाला, आणि सील तुटलं.

पुढचा पाऊण तास त्या नाक्यावर जे चाललं होतं त्याची नोंद कुठल्याही अभिलेखात नाही, हे बरं. दुसऱ्याचं एक अवाढव्य कपाट आधी बाहेर काढावं लागलं. मग खोकी. वरच्या लाल आकड्यांवरून काही कळेना, आणि आकड्याखालच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या तर त्यांचा अर्थ लावणारा तक्ता आत. उरला तो आवाज. बिनचूकराव, वहिनी, ड्रायव्हर आणि हवालदार असे चौघे डॉक्टरांसारखे एकेका खोक्याला कान लावत होते.

"यात वाजतंय!" हवालदार एकदा हर्षाने ओरडला. फोडलं तर आत घरचा केराचा डबा निघाला. शुक्रवारच्या केरासकट. त्याला बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे तीन थर गुंडाळून वर 'नाजूक' लिहिलं होतं. दुसऱ्या खोक्यात काकूंचं पायपुसणं होतं, सुबक घडी घालून. तिसऱ्यात शुक्रवारचा चहाचा कप, तळाशी वाळलेल्या चहासह.

"बघा, कप मिळाला," वहिनी म्हणाल्या. "आता हातात घेऊन बसा."

समोरून जाणाऱ्या एका बसने हा प्रकार पाहण्यासाठी वेग कमी केला. खिडकीतून कुणीतरी विचारलं, "विकायला आहे का?" बिनचूकरावांनी तीस वर्षांत कमावलेली प्रतिष्ठा त्या वेळी केराच्या डब्याशेजारी डांबरी रस्त्यावर पडली होती, आणि ती उचलायला त्यांना वेळ नव्हता.

सत्त्याऐंशीपैकी सत्तेचाळीसाव्या खोक्यात घड्याळ सापडलं. वहिनींनी त्याला चापट मारली. ती जरुरीपेक्षा जोरात होती, आणि ती नेमकी कुणासाठी होती हे सांगता येणार नाही. घड्याळाखाली बॅटरी, आणि तिच्याखाली फाईल, प्लास्टिकमध्ये चहूबाजूंनी चिकटपट्टी मारून बंद केलेली.

"आता हे सगळं परत भरा आणि रस्ता मोकळा करा," हवालदार म्हणाला. "त्याशिवाय कुणी हलायचं नाही."

बिनचूकरावांनी घड्याळ पाहिलं. अकराला दहा कमी. त्यांचा चेहरा पाहून वहिनी पदर खोचून उठल्या. "मी आहे ना इथे. भरून घेते. तुम्ही निघा." मग हवालदाराकडे वळून म्हणाल्या, "अहो भाऊ, एकोणीस वर्षांनी बढती मिळाली आहे त्यांना. तुमची कधी रखडली आहे का?"

हवालदाराने काठी काखेत मारली. "सात वर्षं," तो म्हणाला, आणि शिट्टी फुंकून त्याने स्वतःच टॅक्सी थांबवली.

बिनचूकरावांनी टॅक्सीत दातांनी चिकटपट्टी तोडली. बाराला दहा कमी असताना ते आवक विभागाच्या खिडकीशी उभे होते. केसांत थर्मोकोलचे दाणे, कोपराला 'काळजीपूर्वक हाताळा' अशी पट्टी.

"मूळ आदेश?" कारकुनाने विचारलं.

"आहे."

"कार्यमुक्ती?"

"आहे."

"छायाप्रती?"

छायाप्रतीचं यंत्र तळमजल्यावर होतं. बाराला दोन मिनिटं कमी असताना कागदावर शिक्का पडला. तो थोडा वाकडा पडला होता. बिनचूकरावांना आयुष्यात प्रथमच वाकडा शिक्का सुंदर वाटला.

संचालकांनी त्यांना लगेच आत बोलावलं. "बसा. तुमच्याबद्दल फार ऐकलं आहे. तीस वर्षांत एक कागद गहाळ नाही! म्हणूनच हे काम तुमच्यासाठी राखून ठेवलं." त्यांनी टेबलावरून एक पत्रक पुढे सरकवलं. "पुढच्या महिन्यात आपली अख्खी रेकॉर्ड रूम नव्या इमारतीत हलते आहे. चाळीस हजार फाईली. कंपनीशी बोलणं जवळपास झालंच आहे. त्यांचा माणूस बाहेर बसलाय."

पत्रकावरचं कुटुंब सोफ्यावर खदखदून हसत होतं. दाराच्या काचेतून गोडबोल्याचा टाय दिसला.

"सर, मला दोन मिनिटं द्या," बिनचूकराव म्हणाले. ते मागच्या दाराने व्हरांड्यात गेले. त्यांनी खिशातून फोन काढला. अठरा वर्षांचा स्वाभिमान एका दमात गिळायचा तर घसा ओला असावा लागतो, आणि पाण्याची बाटली ट्रकमध्ये होती.

"बोला भावजी," मेहुणा म्हणाला. "पोचलं का सामान?"

"ते... तुमच्या ओळखीचा तो ट्रकवाला. त्याचा नंबर मिळेल का?"

पलीकडे मेहुणा खाकरला.

"नंबर आहे तुमच्याकडे," तो म्हणाला. "त्याने स्वतःचा धंदा बंद केला हो. तुमच्या त्या कंपनीत ड्रायव्हर लागला. आत्ताच त्याचा फोन आला होता. नाक्यावर ताई भेटली म्हणाला. शेंगा आवडल्या का तुम्हाला?"

बिनचूकरावांनी फोन खिशात ठेवला. मग केसांतला थर्मोकोलचा एक दाणा काढून त्यांनी तो नीट कचरापेटीत टाकला, आपल्या नव्या टेबलाशी जाऊन बसले आणि शिपायाला बोलावलं.

"मागणीपत्र लिहून घ्या. गजराची घड्याळं. मजबूत हवीत, चापट मारल्याशिवाय बंद न होणारी."

"किती लिहू साहेब?"

"खोकी किती होणार आहेत?"

"चारशे तरी होतील."

"मग चारशे लिहा," बिनचूकराव म्हणाले. "आणि प्रत्येकाची वेळ वेगळी लावायची. ती यादी मी करतो." आणि जरा थांबून, शिपायाच्या कानाशी झुकून ते म्हणाले, "तिच्या तीन प्रती काढा. एक माझ्या बायकोकडे द्या."